खुर्चीतलं खुर्चीत

दाताच्या दवाखान्यात माणसाची सगळी ऐट दारातल्या पायपुसण्यापाशीच गळून पडते. बाहेर चारचौघांवर डाफरणारे साहेब त्या खुर्चीत बसले की लहान मुलासारखे हात मांडीखाली लपवतात. एका पैलवानाने तर सुई पाहिली मात्र, तो जो उठला तो छातीवरच्या कागदी रुमालासकट थेट रस्त्यावर. त्याला समजावून परत आणायला ताई गेली होती. घाबरलेल्या माणसाला परत आणणं हेच मुळी तिचं काम होतं. डॉक्टरीणबाई दात काढायच्या आणि ताई भीती काढायची, अशी दोघींची वाटणी होती.

ताई हे काही तिचं नाव नव्हे. पण दवाखान्यात सगळे तिला ताईच म्हणत, अगदी तिच्या दुप्पट वयाचे पेशंटसुद्धा. नवा पेशंट फारच घाबरला असेल तर ती त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसायची आणि भाजीवालीने भाजी दाखवावी तसे एकेक उपाय त्याच्यापुढे मांडायची. पहिला उपाय गॅसचा. नाकावर छोटीशी टोपी बसते, चार श्वासांत अंग हलकं होतं, जग जरा बरं वाटायला लागतं, आणि टोपी काढली की थोड्या वेळात माणूस होता तसा होतो. दुसरा गोळीचा. ती आधी घेऊन यायची, पेंग येते, भीतीची धार बोथट होते. तिसरा म्हणजे शिरेतून औषध. "त्यात झोप लागत नाही बरं का," ताई सांगायची. "तोंड उघडा म्हटलं की तुम्ही उघडता, वळा म्हटलं की वळता, बोलतासुद्धा. फक्त नंतर काही आठवत नाही." याउपर पूर्ण भूल, पण तिच्यासाठी मोठं हॉस्पिटल गाठायचं.

त्या तिसऱ्या उपायासाठी एक म्हातारे भूलतज्ज्ञ आपली बॅग घेऊन यायचे. सुई टोचताना ते हळूच काहीतरी गुणगुणत, म्हणून त्यांना सगळे अंगाईकाका म्हणत. काकांचं औषध शिरेत गेलं की माणसाच्या तोंडाचं कुलूप निघायचं. एकाने तिजोरीचा आकडा सांगितला होता, एकीने सासूच्या नकला केल्या होत्या, आणि एक पोक्त गृहस्थ कुणा शाळेतल्या मुलीची माफी मागत ढसाढसा रडले होते. म्हणून दवाखान्याचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण तिघांनीही काटेकोर पाळलेला होता. खुर्चीतलं खुर्चीत. पेशंट जे बोलेल ते ऐकायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, आणि नंतर ते त्याला स्वतःलाही सांगायचं नाही. शुद्धीवर आल्यावर प्रत्येक जण विचारतोच, मी काही बडबडलो का? त्यावर ताईचं उत्तर ठरलेलं होतं: "छे हो, घोरत होतात."

आणि अशा या ताईची सख्खी आई दाताच्या डॉक्टरला जगात सगळ्यात जास्त घाबरायची. दैव माणसाची थट्टा करतं ती अशी.

पण भीती हा त्या घरातला लहान प्रश्न होता. मोठा प्रश्न असा, की आई ताईशी बोलत नव्हती. बोलत नव्हती म्हणजे मुकी नव्हती. घरात दोघीच, तरी आईचं सगळं बोलणं भिंतीशी चालायचं. "कोणीतरी गॅस बंद करा." "कोणाला तरी फोन आलाय." "कोणीतरी जेवायचं राहिलंय वाटतं." चार वर्षं ताई त्या घरात कोणीतरी होती. 'तू' म्हणून नाही, 'अगं' म्हणून नाही, नावाने तर नाहीच.

चार वर्षांपूर्वी ताईचा धाकटा भाऊ गेला. लहानपणापासून जेवताना, आंघोळ करताना, अभ्यास करताना नाकातल्या नाकात गुणगुणायचा, म्हणून त्याला घरात भुंग्या म्हणत. मोठा होऊन मिशा आल्या तरी भुंग्याच. त्या दिवशी दुपारी तो ताईच्या दवाखान्यात आला आणि म्हणाला, "ताई, स्कूटर दे." चेहरा उतरलेला होता. ताईच्या हातात तेव्हा कुणाच्या तरी तोंडातली लाळ ओढणारी नळी होती. तिने काय झालं हेही विचारलं नाही, मानेनेच पर्सकडे खूण केली. त्याने किल्ली घेतली. मोठ्या रस्त्याच्या वळणावर एका ट्रकखाली स्कूटर गेली आणि स्कूटरबरोबर तो.

"किल्ली कोणी दिली?" आईने हॉस्पिटलच्या दारात एवढंच विचारलं होतं. ताई म्हणाली, "मी." त्यानंतर आईने तिच्याकडे सरळ पाहिलं नाही.

बरं, ताईला हे अन्यायाचं वाटत होतं म्हणावं तर तसंही नाही. तिला ते पटलेलं होतं. रोज सकाळी दात घासताना आरशात ती स्वतःला विचारायची, विचारलं असतंस काय झालं म्हणून, तर काय बिघडलं असतं? एक वाक्य. लाळेची नळी दोन मिनिटं बाजूला ठेवली असती तर आकाश कोसळलं नसतं. आईने एकदा, अगदी एकदाच, तुझ्यामुळे नाही झालं असं म्हणावं, एवढ्यासाठी ती त्या घरात टिकून होती. लग्नाची दोन स्थळं तिने त्यापायीच परत पाठवली. मैत्रिणी म्हणायच्या, वेडी आहेस. असेल वेडी. आईच्या तोंडून ते एक वाक्य ऐकल्याशिवाय तिला त्या घरातून पाय काढता येत नव्हता.

अशात आईची खालची दाढ सुजली. गाल फुगून डोळा बारीक झाला, तरी आई भिंतीला सांगत राहिली की काही नाही, गार पाणी प्यायल्याने झालंय. शेवटी ताप चढला तेव्हा ताईने तिला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात आणलं. औषधांनी सूज उतरली, पण दाढ काढायलाच हवी होती. पहिल्या खेपेला गॅस दिला. नाकावर टोपी येताच आईने ती हिसकून काढली आणि चपला न घालता दाराबाहेर गेली. दुसऱ्या खेपेला गोळी दिली. पेंगणं सोडाच, आई घुबडासारखी टक्क जागी राहिली आणि डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात घेतल्याबरोबर तिची दातखीळ बसली.

"आता काकांना बोलावू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिरेतून देऊ. काकू, तुम्हाला काही कळणार नाही, आणि कळलं तरी आठवणार नाही."

"कोणीतरी आत यायचं नाही," आई छताकडे बघत म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. "मी बाहेर बसते," ती म्हणाली. "आज मी नातेवाईक."

ठरल्या दिवशी आई उपाशीपोटी, स्वच्छ धुतलेल्या साडीत, फाशीला चालल्यासारखी खुर्चीत जाऊन बसली. दार बंद झालं. ताई बाकावर बसून राहिली. या बाकावर बसायची तिला सवय नव्हती, हात कुठे ठेवावेत ते कळेना. आतून काकांचं गुणगुणणं ऐकू आलं, मग बोटाला लावलेल्या, नाडी मोजणाऱ्या चिमट्याची टिकटिक, मग बराच वेळ काहीच नाही. मग दार किलकिलं झालं.

"ताई, ये आत," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "औषध लागलंय, पण तोंड उघडत नाहीत. जबडा दगड झालाय. माझ्याच्याने होत नाही, तुलाच जमेल. टोपी घाल, मास्क लाव. त्या तुला ओळखणार नाहीत."

ताईने हात धुतले, टोपीत केस कोंबले, मास्क चढवला आणि आत गेली. आई खुर्चीत आडवी होती. डोळे अर्धे उघडे, नाकात प्राणवायूची बारीक नळी, कपाळावरच्या आठ्या मात्र पार गेलेल्या. इतक्या जवळून आईचा चेहरा ताईने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. ती केवढी म्हातारी झाली होती! ताईने दोन्ही तळवे आईच्या जबड्याखाली धरले आणि अंगठ्यांनी कानाजवळचा स्नायू हळूहळू चोळायला लागली, शेकडो पेशंटांचा चोळायची तसा.

"सिस्टर," आई म्हणाली. आवाज मऊ, जरासा बोबडा.

ताईने उत्तर दिलं नाही. नियम होता.

"सिस्टर, माझा मुलगा बाहेर आहे का हो? त्याला बोलवा. तो आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

काकांनी सलाइनच्या नळीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई ट्रेमधली हत्यारं उगीचच सरळ करू लागल्या. दोघंही ऐकत नव्हती, नियमाप्रमाणे.

"मी त्याला फार बोलले हो," आई सांगू लागली. "दुपारी. भरल्या ताटावरून उठवलं. नोकरी सोडली म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जा, चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." ती थांबली. डोळ्यांतून पाणी निघून कानापर्यंत गेलं. "त्याने दाखवलंच नाही पुन्हा. माझं ऐकायचा नाही कधी. तेवढंच नेमकं ऐकलं."

ताईचे अंगठे थांबले.

तर हे होतं. त्या दुपारी उतरलेला चेहरा घेऊन तो आला होता तो जेवणावरून उठून. घरात भांडण झाल्याचं आईने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, नातेवाइकांना नाही, शेजाऱ्यांना नाही. किल्ली कोणी दिली, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

"बोलवा ना त्याला," आईचा श्वास जोरात व्हायला लागला. चिमट्याची टिकटिक वाढली. जबडा पुन्हा आवळला गेला.

"अजून औषध देणं मला बरं वाटत नाही," काका पुटपुटले. "वय आहे. ताई, शांत करता आलं तर बघ, नाहीतर आज राहू दे."

आज राहू दे म्हणजे पुन्हा सूज, पुन्हा ताप, आणि या वेळी कदाचित गळ्यापर्यंत. ताईला ते ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर तिने जे केलं ते दाढेसाठी केलं नाही. आई रडत होती आणि तिला ते बघवलं नाही, इतकंच. तिने मास्क खाली ओढला.

दोघा भावंडांची जिवणी एका साच्यातली होती. तीच रुंद हनुवटी, डाव्या बाजूला जरा जास्त वर जाणारा ओठ. टोपीत केस झाकलेले, वरून दिव्याचा झोत. आईने डोळे बारीक करून पाहिलं आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"आलास?"

आता या घटकेला ताई म्हणू शकत होती, आई, मी आहे. चार वर्षं जी गोष्ट मागायची होती ती मागू शकत होती. या औषधात माणूस खोटं बोलत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

"आलो," ती म्हणाली.

"रागावलायस?"

"छे! तुझ्या बोलण्यावर मी कधी रागावलोय? या कानाने ऐकतो, त्या कानाने सोडतो."

आई हसली. खुदकन. तो तसाच बोलायचा.

"जेवला नाहीस रे तू."

"जेवलो नंतर. पोटभर जेवलो."

"मी तसं बोलायला नको होतं."

"बोललीस तर बोललीस. आई आहेस. मी विसरलोसुद्धा." ताईने अंगठ्यांनी पुन्हा जबडा चोळायला घेतला. "तू पण विसर आता."

आईने हात उचलला, चिमट्यासकट, आणि ताईच्या गालावर ठेवला. मग तिने तिला खाली ओढलं, कानात सांगायचं असल्यासारखं.

"ताईला सांगू नकोस हं," ती कुजबुजली. "तिला वाटतं किल्ली दिली म्हणून झालं. वाटू दे. ती घट्ट आहे, सहन करते. मला नाही रे सहन होणार."

डॉक्टरीणबाईंनी पाठ फिरवली होती. काकांनी चष्मा काढला आणि तो कोटाच्या टोकाने पुसत राहिले.

माणसाला एखादा घाव बसतो तेव्हा आधी दुखतच नाही, नुसतं गार वाटतं. ताईला तसं गार वाटलं. म्हणजे आईला माहीत होतं. चार वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ, भिंतीशी बोलताना तिला माहीत होतं. आणि आता तिच्या हाताखाली, तिच्या गालावर हात ठेवून, आई तिच्याकडूनच वचन मागत होती.

"सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार," ताई म्हणाली.

"शहाणा माझा."

"आता तोंड उघड बरं. मोठ्ठा आ. मी इथेच आहे."

आईने तोंड उघडलं. गरीब गाईसारखं, पूर्ण, शेवटच्या दाढेपर्यंत. दाढ निघेपर्यंत ताई तसाच तिचा जबडा धरून उभी होती, आणि नाकातल्या नाकात गुणगुणत होती. आपण गुणगुणतोय हे तिला डॉक्टरीणबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जा, तोंड धू. खुर्ची मी पुसते आज."

आई शुद्धीवर आली तेव्हा ताई साध्या कपड्यांत शेजारच्या स्टुलावर बसलेली होती. आईने डोळे उघडले, तिला पाहिलं आणि नजर भिंतीवर नेली. आठ्या एकेक करून जागेवर आल्या. ताई ते बघत होती. मघाचा तो उजळलेला चेहरा कुठे गेला, कुणी नेला, काही पत्ता नाही. तो फक्त ताईने पाहिला होता. आईच्या लेखी तिचा मुलगा आलाच नव्हता. चार वर्षांनी तो आला, रागावलो नाही म्हणाला, पोटभर जेवलो म्हणाला, आणि आईला त्यातलं एक अक्षर उरलं नाही. जिच्यासाठी ते सगळं बोललं गेलं तिच्याच हाती काही लागलं नाही, याचं ताईला स्वतःच्या दुःखापेक्षाही जास्त वाईट वाटलं.

"कोणी काही बोललं का माझ्याशी?" कापसाचा बोळा दाताखाली दाबून आईने काकांना विचारलं.

काकांनी ताईकडे पाहिलं. सांगू का, असं ते डोळ्यांनी विचारत होते. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारला नसेल.

"नाही," ताई म्हणाली. "घोरत होतीस."

टॅक्सीत दोघी मागे बसल्या. आईने पदर गालाशी धरला होता. गाडी गर्दीतून रडतखडत चालली होती. ताई समोरच्या सीटच्या फाटक्या कव्हराकडे बघत होती आणि मनात हिशेब मांडत होती, की आता त्या घरात राहायचं कशासाठी. जे वाक्य ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. तुझ्यामुळे नाही झालं. आईनेच सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडाने. आता बॅग भरून कुठेही जाता आलं असतं. पण ते वाक्य तिला सांगितलेलं नव्हतं, तिच्यापासून लपवायला सांगितलेलं होतं, आणि तिने वचन दिलं होतं, तेही दुसऱ्याच्या नावाने. असल्या वाक्याचं माणसाने करायचं काय?

"पुढचा कधी?" आई म्हणाली.

ताईला आधी वाटलं, ड्रायव्हरला विचारतेय. पण आईने मान वळवली होती. ती ताईकडे बघत होती, सरळ.

"काय पुढचा?"

"दात. पुढचा दात कधी काढायचा?" बोळ्यामुळे शब्द जाड येत होते. "त्या औषधाने मला फार बरं वाटलं गं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं. इतकं बरं मला कधीच वाटलं नाही, तो गेल्यापासून. का ते कळत नाही. तुझ्या डॉक्टरांना विचार ना, पुन्हा कधी देतील."

चार वर्षांनी ती ताईशी बोलत होती. 'गं' म्हणाली होती, 'तुझ्या' म्हणाली होती. आणि ताईला रडूही येईना.

"बाकीचे दात चांगले आहेत, आई," ती म्हणाली. "काढण्यासारखा एकही नाही."

"नीट बघितलं का त्यांनी? मागचेसुद्धा?"

"बघितलं."

"एखादा तरी असेल."

आईने तोंड मिटलं, मान मागे टेकली आणि बधिर झालेल्या जिभेने एकेक दात दाबून बघायला लागली, कुठे दुखतंय का म्हणून. घर येईपर्यंत ती तेच करत होती.